अख्खा भोपळा

तिसरीच्या वर्गात शुद्धलेखनाच्या वह्या वाटत होतो. एका मुलीचे दहांपैकी एकही वाक्य बरोबर नव्हते. मास्तर लोकांच्या जुन्या सवयीप्रमाणे मी वही उंच धरली आणि म्हणालो, "घ्या! बाईसाहेबांना भोपळा!" वर्ग खदखदून हसला. मुलगी जागेवरून उठली, वही घेतली आणि अगदी शांतपणे तिने मला विचारले, "गुरुजी, काल आमच्या घरी भोपळ्याचंच कालवण होतं. म्हंजी काल आम्ही काहीच खाल्लं नाही का?"

वीस वर्षांच्या मास्तरकीत मला इतके निरुत्तर कोणी केले नव्हते. पितृपक्षाचे दिवस होते. गावात घरोघर भोपळाच शिजत होता. माझ्याही डब्यात त्याचीच भाजी होती. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून कोणाच्या वहीवर भोपळा काढायचा नाही, असा नेम केला आणि तो आजवर पाळला. आज या दिवाळीच्या पानांवर त्याच मुलीचे वकीलपत्र घेऊन मी उभा आहे.

सुज्ञ वाचक म्हणतील, मास्तर, फराळाची ताटे समोर आहेत. करंजी, चिरोटे, अनारसे सोडून हे भोपळ्याचे गुऱ्हाळ कशाला? तर त्याला कारण आहे. मला या दिवाळीत प्रत्येक घराकडे एक मागणे मागायचे आहे. एक अख्खा भोपळा घरी आणा. तो भरून शिजवा. आणि त्याचे बी राखा. या तीन गोष्टींतली पहिली तुम्हाला क्षुल्लक वाटेल, दुसरी खटपटीची वाटेल आणि तिसरी वेडगळ वाटेल. त्या तिन्ही एकच आहेत, हे पटवून देण्यासाठी हा खटाटोप.

प्रथम आपल्या भाषेचा हिशेब घ्या. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा. मनोराज्य कोसळले की भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचे हाडवैर असले की विळ्या-भोपळ्याचे सख्य. गरिबाने आजवर ज्याच्यावर पोट भरले, त्याच फळाच्या गळ्यात आपण साऱ्या अपयशाच्या पाट्या अडकविल्या. लेकरांच्या गोष्टीतली म्हातारी तेवढी शहाणी. वाघाच्या तोंडून सुटायचे तर बसायला भोपळाच हवा, हे तिने ओळखले. वारीत दिंडीच्या मध्यभागी वीणेकरी उभा असतो, त्याच्या खांद्यावरच्या वीणेचा नाद घुमतो तोही भोपळ्यातूनच. तो भोपळा वेगळ्या जातीचा, वाळवून पोकळ केलेला, पण भाऊबंदकीतलाच. देवापुढे उभे राहताना भोपळा चालतो आणि ताटात आला की नाके मुरडली जातात, असा हा न्याय आहे!

आता माझ्या आजीची हकीकत सांगतो. ती सांगितल्यावाचून माझी बाजू उभी राहत नाही.

आमचे गाव पाथर्डीकडचे. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले; आमच्याकडचा पाऊस मात्र जुन्या नावाइतकाच बेभरवशाचा राहिला आहे. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग कितीतरी उभे राहिले आणि त्यांचा ऊस तोडायला आमच्याकडची माणसे जाऊ लागली. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाडीत बसत आणि गाव ओस पडे. मागे उरत म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. माझे आईबापही त्यांतच होते. घरी आजी, धाकटी बहीण आणि सात वर्षांचा मी.

आजीने छपरावर भोपळ्याचा वेल चढविला होता. आम्ही त्याला डांगर म्हणत असू. जूनमध्ये टोकलेले बी आश्विनात पिकून तयार होई. पिकलेला भोपळा देठासकट उतरवून कोरड्या जागी ठेवला की संक्रांतीपर्यंत त्याला काही होत नाही. तेव्हा घरात फ्रीज नव्हता, पण माळ्यावर सात-आठ डांगरे ओळीने बसलेली असत आणि आजी ती रोज नजरेने मोजी.

एके संध्याकाळी तिने एक भोपळा खाली उतरवला. आता तो कापायचा कोणी? आपल्याकडे अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा, अशी चाल आहे. कोहळा बळी म्हणून फोडतात, तीच भीती भोपळ्याला चिकटली असे जुनी माणसे सांगत. घरात पुरुष नाही, शेजारी नाही, निम्म्या गावात नाही. आजीने मला हाक मारली. "आरं पोरा, हिकडं ये. इळ्याला हात लाव." मी विळ्याच्या मुठीला बोट लावले. "झालं," ती म्हणाली, "पुरुषाचा हात लागला." आणि तिने स्वतः दोन घावांत त्याचे टोपण उडविले.

मी त्या रात्री मोठ्या दिमाखात झोपलो. पुढे शहाणा झालो तेव्हा त्या दिमाखाची लाज वाटली. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माझी आई त्याच वेळी कुठल्याशा फडात पहाटेपासून ऊस तोडीत होती, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहत होती. तिच्या जन्माचेच नाव कोयता पडलेले, आणि तिने घरचा भोपळा कापला तर मात्र अशुभ! ज्या रूढीला सात वर्षांच्या पोराचे एक बोट पुरते, ती रूढी कसली? ते नुसते बुजगावणे. माझ्या बहिणींनो, विळी तुमची, हात तुमचा. पुरुषाची वाट पाहू नका. तो बहुधा मोबाइल पाहत बसलेला असेल.

आजीने त्या भोपळ्यातला गर-बी काढले. बाजरीचा भरडा शिजवला, त्यात दाण्याचे कूट, कारळे, कांदा, लसूण, तिखट, चिंच घातली. ते सारे भोपळ्यात भरले, टोपण बसविले आणि चुलीतल्या आरात तो भोपळा पुरला. दीड तासाने बाहेर काढला तेव्हा साल काळी ठिक्कर झाली होती आणि आत केशरी लोण्यासारखा गर झाला होता. आम्ही तिघे त्याभोवती बसलो. त्यात तुपाचा थेंब नव्हता, दुधाची साय नव्हती, दही नव्हते. नव्हते, कारण घरची गाय दूध देत होती खरी, पण सकाळ-संध्याकाळ ते दूध डेअरीच्या किटलीत जात होते. दुधाच्या पैशावर वाण्याची उधारी फिटायची. आम्ही पोरे कोरा चहा पीत असू.

आता शहरातून एक नवा शब्द आला आहे: व्हीगन. दूध, तूप, दही, पनीर यांतले काही न घेता केवळ झाडावेलींपासून मिळालेले अन्न. पुण्यामुंबईच्या हॉटेलांत त्याला वेगळे पान आणि वेगळा भाव असतो, असे ऐकतो. कोणी गाईच्या दयेने ते खात असेल, कोणी प्रकृतीसाठी. माझा त्यांच्यावर रोष नाही. माझा रोष आहे तो हे अन्न नव्याने सापडल्याचा डांगोरा पिटणाऱ्यांवर. ज्या जिल्ह्यातून दुधाचे टँकर रोज शहराकडे जातात, त्या जिल्ह्यातल्या गरिबांचे स्वयंपाकघर पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने चालत आले आहे. दूध ही त्यांच्या लेखी विकायची वस्तू. तिचाही भाव हातात नसतो. १ जून २०१७ रोजी याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप पेटला तेव्हा रस्त्यावर ओतलेले दूध साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तेव्हा बिनदुधाचे जेवण ही शहरात निवड असेल, आमच्याकडे ती गरज होती. आणि त्या गरजेतून आमच्या बायकांनी जी चव काढली, ती उसनी घेताना निदान उसनवारी कबूल करा.

दुसरीकडे आमचेच लोक. चार पैसे हातात आले की पहिला निकाल भोपळ्याचा लावतात. पाहुण्यांपुढे भोपळा ठेवायचा? छे! पनीर आणा. मटणाचा बेत असेल तर ठीक, नाहीतर पनीर. ज्याला मटण खायचे त्याने खुशाल खावे, मी कोणाच्या ताटात डोकावत नाही. परंतु सणाच्या दिवशी भोपळा वाढणे म्हणजे गरिबी उघडी करणे, ही जी लाज आपल्या मनात बसली आहे, तिच्याशी माझे भांडण आहे. त्या केशरी गरात डोळ्यांना लागणारे 'अ' जीवनसत्त्व शरीर बनवू शकेल असे द्रव्य असते, आणि ते अंगी लागायला सोबत थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. आजीने हे शास्त्र वाचले नव्हते. पण तिच्या सारणात दाणे होते, कारळे होते. तुपाचे काम तेलबिया करीत होत्या.

येथे आणखी एक आक्षेपक उभा राहील. तो म्हणेल, मास्तर, भोपळा तरी आपला आहे का? तो तर परदेशी! त्याचे म्हणणे खरे आहे. तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या गुहांत भोपळवर्गातले हजारो वर्षांपूर्वीचे बी सापडले आहे. तो समुद्रमार्गे आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या काळात. आणि नुसता भोपळाच कशाला? सारणातला भुईमूग आणि मिरची अमेरिकेतली, बाजरी आफ्रिकेतली, कारळ्याचे मूळ इथिओपियात. माझ्या आजीच्या चुलीत त्या रात्री निम्मे जग भाजत होते! भोपळा भरून शिजवणारेही आपण एकटे नाही. आर्मेनियात भोपळ्यात भात, सुका मेवा आणि मध भरून तो अख्खा भाजतात, त्याला ते घपामा म्हणतात, आणि सणासुदीला सारे घर त्याभोवती जमते.

मग भोपळा आपला कशाने झाला? चारशे वर्षांत कुठल्या राजाने फर्मान काढून तो आपला केलेला नाही. ज्या ज्या बाईने फळ कापल्यावर मूठभर बी बाजूला ठेवले, पुढच्या आषाढात टोकले आणि शेजारणीला दिले, तिने तो आपला केला. कुठल्या जमिनीत कुठला टिकतो, कमी पावसात कुठला धरतो, कुठला गोड, कुठला पाणचट, ही निवड करीत करीत एका परदेशी वेलाचे तिने गावरान डांगर बनविले. देशीपणाचा दाखला कुळात शोधू नका. बी कोणाच्या हातात आहे ते पाहा.

आणि आज ते कोणाच्या हातात आहे? तुम्ही मंडईत जाता. भोपळा फोडी करून मांडलेला असतो. तुम्ही पाव किलोची फोड घेता. गर-बी बऱ्याचदा भाजीवाल्याने आधीच खरवडून टाकलेले असते. घरी येते ती भाजी. बी बाजारातल्या कचऱ्यात जाते. एक पिढी, दोन पिढ्या असे चालले की भोपळ्याला बी असते हेच लेकरांना चित्रात पाहावे लागते. माझ्या वर्गात तीन मुलांनी सांगितले, बी दुकानात असते. पुडीत!

म्हणून मी म्हणतो, भरला भोपळा करा. कारण फोडीचा भरला भोपळा होत नाही! भरायचे तर अख्खाच आणावा लागतो, आणि अख्खा आणला की सारण भरण्याआधी आतले बी काढावेच लागते. हा पदार्थच असा आहे की स्वयंपाकाच्या पहिल्या पायरीवर तो तुमच्या ओंजळीत तीन-चारशे बिया ठेवतो आणि विचारतो, आता यांचे काय? त्या क्षणी तुमच्यापुढे दोन वाटा असतात. एक केराच्या टोपलीकडे जाते, दुसरी पुढच्या पावसाळ्याकडे. आपण बहुतेक जण पहिली धरतो, आणि वर दुकानातून भोपळ्याच्या सोललेल्या बियांचे पाकीट आरोग्यासाठी म्हणून भारी भावाने आणतो.

आजी कोणती वाट धरी ते सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो खाऊन आणि सुकडी खाऊन लोक जगले. आजी खडी फोडायला जात असे. घरातले सारे धान्य संपले. उरल्या होत्या त्या मडक्यात राखेत ठेवलेल्या भोपळ्याच्या बिया. भाजून खाल्ल्या असत्या तर पोरांना एका वेळेचा चावा झाला असता. ती म्हणे, "पोरं रडत व्हती. पण बी खाल्लं असतं तर पुढल्या साली रडायला बी कोण राहिलं असतं?" तिने ते पदराच्या टोकाला बांधले, कामावर नेले, परत आणले. पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा टोकले. आमच्या छपरावरचे डांगर त्याच वेलाची संतती होती. भोपळ्याचे बी नीट वाळवून कोरडे ठेवले तर चार-पाच वर्षे रुजते. हे आजीला पक्के ठाऊक होते, म्हणून तिने धीर धरला.

कोणी म्हणेल, मास्तर भावनेला हात घालतो. एका म्हातारीच्या पदराने शेती चालत नाही. बरे, मग याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या बाईकडे पाहा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी चढल्या नाहीत. माझ्यासारख्या मास्तरने त्यांच्या पाटीवर खात्रीने भोपळा काढला असता. फवारणीच्या भाजीपाल्यामुळे नातू आजारी पडतो असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी गावरान बियाणे गोळा करायला सुरुवात केली. वालाचे, भाताचे, वेलभाज्यांचे, रानभाज्यांचे. बायफ या संस्थेची साथ मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली, बायकांचे गट उभे राहिले. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणतो. त्यांची साधने कोणती? मातीची मडकी, राख, कडुनिंबाचा पाला. म्हणजे जे माझ्या आजीच्या उतरंडीत होते तेच.

आपण काय केले? टाळ्या वाजविल्या. त्यांचे छायाचित्र शाळेच्या भिंतीवर लावले, त्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतले, आणि संध्याकाळी पाव किलोची फोड घेऊन घरी गेलो. सत्कार करून कर्तव्यातून मोकळे होण्यात आपला हात कोणी धरणार नाही!

गैरसमज नको म्हणून सांगतो, मी संकरित बियाण्याचा शत्रू नाही. राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधनाने आमच्या कोरडवाहूवाल्यांचे पोट वाढले, कमी झालेले नाही. ज्याला बाजारासाठी पिकवायचे आहे त्याने हिशेब पाहून पुडीचे बी जरूर घ्यावे. पण संकरित फळाचे बी राखून पेरले तर पुढचे फळ तसेच उतरत नाही. म्हणून दरवर्षी पुडी विकत घेणे आले. शेत बाजाराच्या हाती गेले, तर निदान परसातला एक वेल तरी घरच्या बियाचा असू द्या. कायदाही तुमच्या बाजूचा आहे. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हक्क मात्र वापरला नाही तर तो गंजतो.

आता कृती. सारे सांगून कृती न सांगणारा मास्तर परीक्षेत नापास समजावा.

भोपळा दीड-दोन किलोचा, गोल, बूड सपाट असलेला बघा. नख रुतू नये आणि देठ वाळलेले असावे. असाच पूर्ण पिकलेला समजावा. घेताना विचारा, "गावरान का हायब्रीड?" आठवडे बाजारातली म्हातारी खरे सांगेल. देठाखाली चार बोटांवर गोल कापून टोपण काढा. आतील गर-बी हाताने काढून वेगळ्या भांड्यात ठेवा. गराचा कण जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर तो भोपळा टाकून द्या, कडू भोपळा पोटाला बाधतो, आणि त्याचे बीही राखू नका. आतून मीठ-हळद चोळा.

एक वाटी बाजरी ओलवून, सडून, जाडसर भरडा आणि अडीच वाट्या उकळत्या पाण्यात मऊसर शिजवा. पळीभर तेलात दोन कांदे, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या लाल करा. त्यात अर्धी वाटी दाण्याचे जाड कूट, दोन-दोन चमचे भाजून कुटलेले तीळ आणि कारळे, पाव वाटी भाजलेले सुके खोबरे, दोन चमचे काळा मसाला, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि कोथिंबीर घाला. बाजरी मिसळा. भोपळा काठोकाठ भरू नका, दोन बोटे जागा ठेवा, सारण फुगते. टोपण लावा. मोठ्या पातेल्यात पाणी घालून चाळणीवर बसवून झाकण ठेवा. पाऊण ते एक तासात वाफेवर शिजतो. सुई सहज आरपार गेली की झाला. चूल असेल तर आजीची रीत वापरा, तिची चव वाफेला येणार नाही. ताटात अख्खा ठेवून कलिंगडासारख्या फोडी करून वाढा.

आणि आता उरले भांडे. ते फेकू नका. बी पाण्यात चोळून धुवा, पोचट बाजूला काढा, टपोरे निवडा. सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. वाकवले की मोडले पाहिजे. चाळलेल्या राखेत कालवून बाटलीत भरा आणि वर कागद चिकटवा: कोणाकडून आणला, कोणत्या साली, चव कशी होती. पुढे ज्याच्या परसात वेल होईल त्याने एवढे लक्षात ठेवावे की शेजारी दुसरा भोपळा असेल तर मधमाशा दोघांचे परागकण मिसळतात. जात शुद्ध ठेवायची तर उद्या उमलणारे एक नरफूल आणि इवले फळ पाठीशी असलेले एक मादीफूल संध्याकाळीच दोऱ्याने बांधावे; पहाटे उघडून नरफूल मादीफुलावर फिरवावे, पुन्हा बांधावे आणि त्या फळाच्या देठाला चिंधीची खूण करावी.

ज्यांच्याकडे परस नाही, ज्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यांनी काय करावे? बी देऊन टाकावे. गावी जाणाऱ्या नातेवाइकाला, कामाला येणाऱ्या मावशींना, जवळच्या शाळेला. दिवाळीला आपण एकमेकांकडे फराळाची ताटे पाठवितो. त्या ताटात चकलीच्या शेजारी बियांची एक पुडी गेली तर ताट जड होणार नाही.

आमच्या शाळेला अशी पुडी मिळाली. ज्या मुलीला मी भोपळा दिला होता, तिनेच दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदात बांधून अकरा बिया आणल्या. "आयनं दिल्यात. शाळेत लावा म्हणाली." परसबागेच्या कुंपणाशी आम्ही त्या लावल्या. सात रुजल्या, दोन वेल शेळ्यांनी खाल्ले, पाच राहिले. यंदा त्यांना चौदा भोपळे धरले. सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी त्यातले तीन भरले. पहिला घाव त्या मुलीने घातला. मी पुरुष जवळच उभा होतो. माझे बोट कोणी मागितले नाही. काढलेले बी ती घरी घेऊन गेली, आणि त्यातली मूठभर माझ्या खिशात आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी पाडव्याला आमच्या वस्तीवर यावे.